पुस्तक जाळून मुली वाचतात काय?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, आमच्या धर्मग्रामातील चार ज्येष्ठ प्रापंचिक आम्हांस भेटावयास आले. चौघांनीही चर्चच्या कामात हयात घालविलेली. देवळाचे छप्पर बदलायचे असो वा सणाच्या दिवशी मांडव घालायचा असो, त्यांच्या शब्दावाचून धर्मग्रामात पान हलत नाही. त्यांच्यापैकी एकाच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक इंग्रजी पुस्तक होते. "फादर, माझ्या नातीने हे आपल्या वाचनालयातून आणले. चर्चच्या कपाटात असले पुस्तक शोभते का, ते तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी ते मेजावर उपडे ठेवले. मुखपृष्ठसुद्धा आमच्या दृष्टीस पडू नये, अशी जणू त्यांची इच्छा होती.

पुस्तक होते आयरिश लेखिका एडना ओब्रायन यांची 'द कंट्री गर्ल्स' ही कथात्रयी. 'खेड्यातल्या मुली' असे त्याचे साधे भाषांतर होईल. "काका, आधी वाचून पाहतो, मग बोलू," असे आम्ही म्हणालो. त्यावर ते गृहस्थ उत्तरले, "वाचायचे काय त्यात? आयर्लंडसारख्या कॅथलिक देशाने त्यावर बंदी घातली होती. तिथल्या फादरांनी ते जाळले होते. जे त्यांनी केले तेच आपणही करावे, एवढीच आमची विनंती आहे."

त्या घटनेला आता बरेच महिने लोटले. पुस्तक आम्ही दोनदा वाचले, त्याच्या लेखिकेविषयी जे मिळाले तेही वाचले. उत्तर त्या चौघांना द्यावयाचे होते. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या ओटीवर केव्हा ना केव्हा येऊन उभा राहतो, म्हणून ते या त्रैमासिकातून जाहीरपणे देत आहोत. उत्तर त्यांस रुचणार नाही हे आम्ही जाणून आहोत. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या उपायाविषयी.

प्रथम, जे जाळायचे म्हणतात ते आहे तरी काय, हे पाहू. एडना ओब्रायन यांचा जन्म १९३० साली आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील टुआमग्रेनी या खेड्यात झाला. त्या लोखरी येथील धर्मभगिनींच्या शाळेत शिकल्या, डब्लिनमध्ये औषधविक्रीचे शिक्षण घेतले, विवाह करून लंडनला गेल्या आणि तेथे अवघ्या तीन आठवड्यांत पहिले पुस्तक लिहून मोकळ्या झाल्या. ते १९६० साली प्रसिद्ध झाले. त्यामागोमाग १९६२ व १९६४ साली त्याच कथेचे पुढचे दोन भाग आले. तीनही कादंबऱ्या आकाराने लहान आहेत. एकाच मुलीचे आयुष्य त्यांत टप्प्याटप्प्याने उलगडत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिच्या शेजारी तीच मैत्रीण उभी असते.

ती मुलगी म्हणजे कॅथलीन ब्रेडी. पुढे तिला सगळे केट म्हणतात. मैत्रीण म्हणजे बाबा ब्रेनन. 'बाबा' हे त्या मुलीचे लाडके नाव आहे, आपल्याकडील वाचकाने बिचकू नये. कथेच्या आरंभीच केट भल्या पहाटे दचकून जागी होते. दचकण्याचे कारण एवढेच की, वडील रात्री घरी परतलेले नाहीत. ते कुठे असतील, कशा अवस्थेत येतील आणि आल्यावर आईचे काय होईल, या भीतीने त्या घराचा दिवस उजाडतो. वाचकहो, हे वाचताना आयर्लंड दूर वाटत नाही. पिणाऱ्या बापाची वाट पाहत जाग्या राहिलेल्या मुली आमच्या धर्मग्रामात किती आहेत, हे घरभेटी देणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक असते.

लवकरच केटची आई सरोवरात नाव बुडून मरण पावते. शिष्यवृत्ती मिळवून केट धर्मभगिनींच्या वसतिगृहात जाते. बाबाही तिच्याबरोबर जाते. बाबा खोडकर, तोंडाळ, प्रसंगी दुष्टसुद्धा. एका पवित्र चित्रामागे तिने लिहिलेल्या घाणेरड्या मजकुरापायी दोघींनाही शाळा सोडावी लागते. दोघी डब्लिनला येतात. केट किराणा दुकानात नोकरी धरते. गावातील एक विवाहित, वयाने बराच मोठा, सुशिक्षित गृहस्थ तिच्यावर प्रेमाची माया पांघरतो. गाव त्याला 'मिस्टर जंटलमन' म्हणते, यातच लेखिकेचा सारा उपरोध आहे. तो तिला व्हिएन्नाला नेण्याचे वचन देतो. ठरल्या दिवशी ती सामान बांधून त्याची वाट पाहत राहते. तो येत नाही. येते ती तार. आणि त्या वेळी बाबा क्षयाने आजारी होऊन रुग्णालयात असते. ज्या रात्री मैत्रिणीची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्या रात्री केट एकटी असते. पहिला भाग येथे संपतो.

दुसऱ्या भागात केट आणखी एका मोठ्या वयाच्या पुरुषावर जीव लावते, तिचे वडील गावच्या माणसांना घेऊन तिला ओढून न्यायला येतात, आणि शेवटी तेही प्रेम विटून ती बाबासह लंडनची वाट धरते. तिसऱ्या भागात त्याच पुरुषाशी झालेला तिचा विवाह मोडतो आणि तो त्यांच्या मुलाला घेऊन दूर देशी निघून जातो. या भागात बाबा स्वतः बोलू लागते. तिची जीभ तिखट, पण डोळे उघडे. १९८६ साली निघालेल्या एकत्रित आवृत्तीला लेखिकेने एक उपसंहार जोडला. त्यात बाबा रेल्वेस्थानकावर उभी आहे आणि केटचे शव येण्याची वाट पाहत आहे. ज्या मैत्रिणीने तिला छळले, शाळेतून काढविले, खोट्या दुनियेत नेले, तीच शेवटी तिच्या शवपेटीसाठी थांबलेली आहे. प्रियकर, पती, पिता यांपैकी कोणीही तेथे नाही.

एवढी ही कथा. तिच्यात पापाचा गौरव आम्हांस कोठे आढळला नाही. आढळली ती आई गमावलेल्या एका मुलीची मायेची भूक, आणि ती भूक ओळखून पुढे सरसावलेले पुरुष.

आता या पुस्तकाचे आयर्लंडमध्ये काय झाले ते पाहू. १९२९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तेथील अभ्यवेक्षण मंडळाने त्यावर बंदी घातली. लेखिकेने पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी पुस्तकाच्या काही प्रती चर्चच्या आवारात जाळल्या. पण त्या आगीपेक्षाही आमच्या मनाला लागली ती दुसरी गोष्ट. पुस्तक लेखिकेने आपल्या आईला अर्पण केले होते. आईच्या मृत्यूनंतर ती प्रत त्यांना उशीच्या खोळीत लपविलेली सापडली, आणि आईने आक्षेपार्ह वाटलेले शब्द काळ्या शाईने खोडून टाकले होते.

त्या आईला आम्ही दोष देत नाही. ती तेच करीत होती, जे धर्मग्रामाने तिला शिकविले होते. लेकीचे पुस्तक जाळवत नव्हते आणि उघडे ठेवायची लाज वाटत होती, म्हणून तिने ते उशीच्या खोळीत लपविले. ते लपवून ठेवताना त्या माउलीला काय वाटले असेल, याचा विचार आग लावणाऱ्या आमच्या धर्मबंधूंनी केला होता काय? पुस्तक जाळताना त्यांनी एका आईची आणि लेकीची गाठ जाळली, असे आम्हांस वाटते.

आता आपल्याकडील आक्षेपांकडे वळू. ते तीन आहेत. पहिला, अशा कथा मुलींना बिघडवितात. दुसरा, त्या धर्माची व गावाची बदनामी करतात. तिसरा, साहित्य उद्बोधक असावे; रडगाणी व प्रेमप्रकरणे चर्चच्या वाचनालयात नकोत.

पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर असे की, तो मांडणाऱ्यांनी आधी आपल्या मुली रोज काय पाहतात याचा हिशेब करावा. सकाळच्या विरार लोकलमध्ये प्रत्येकीच्या तळहातावर एक पडदा असतो. त्यावर प्रेम म्हणजे दीड मिनिटाचे गाणे असते, त्यात प्रियकर नेहमी वेळेवर येतो, कोणाचे लग्न मोडत नाही, कोणाची आई मरत नाही. त्या पडद्याविरुद्ध आमचे चौघे काका काही करू शकलेले नाहीत. आणि ज्या पुस्तकात सामान बांधून बसलेल्या मुलीला तार मिळते, गोड बोलणाऱ्या प्रौढ गृहस्थाचा खरा चेहरा दिसतो, तेवढे मात्र बिघडविणारे ठरते! आम्ही उलट म्हणतो: आपल्या भोळ्या लेकीला मिस्टर जंटलमन प्रथम पुस्तकात भेटलेला बरा, की कचेरीत? पुस्तकातल्या केटसाठी रडलेली मुलगी उद्या कदाचित सावध होईल. निदान आपल्या मैत्रिणीला एकटी सोडणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देणे आम्हांस अधिक जड जाते, कारण त्यात आमच्याच घराची लाज आहे. आयरिश समाजाला ही कथा बदनामीकारक वाटली. आमच्या मुली अशा नसतात, असे त्याचे म्हणणे पडले. मग त्या देशात 'तशा' ठरलेल्या मुलींचे काय होत होते? कुमारी मातांसाठीच्या संस्थांची चौकशी करणाऱ्या शासकीय आयोगाचा अंतिम अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२२ ते १९९८ या काळातील अठरा संस्थांचा त्याने तपास केला. सुमारे ५६ हजार माता व ५७ हजार बालके त्या संस्थांतून गेली आणि त्यांपैकी सुमारे ९ हजार बालके मरण पावली. यांतील पुष्कळ संस्था धर्मभगिनी चालवीत होत्या. सरकारने क्षमा मागितली, आयरिश ख्रिस्तसभेच्या नेत्यांनीही क्षमा मागितली. त्या अहवालाने दोष एकट्या धर्मभगिनींवर टाकलेला नाही. मुलींना घराबाहेर काढणारे बाप आणि त्यांना सोडून पळालेले प्रियकर यांचाही त्याने स्पष्ट उल्लेख केला आहे.

आमचा मुद्दा हा आहे. ज्या वर्षी चर्चच्या आवारात एका कल्पित मुलीची गोष्ट जळत होती, त्याच वर्षी खऱ्या मुली उंच भिंतींआड मुकाट ठेवल्या जात होत्या. या दोन गोष्टी वेगळ्या नव्हेत. कथेतील मुलीचे दुःख ऐकण्यासही जो समाज तयार नव्हता, त्याच्या दारात खरी मुलगी रडत आली तेव्हा त्याने दार लावून घेतले. बदनामी कोणी केली? सांगणारीने, की करणाऱ्यांनी? अहवालात छापलेल्या साक्षी वाचल्या की ओब्रायन यांची लेखणी सौम्यच होती असे म्हणावे लागते.

तिसरा आक्षेप उद्बोधनाचा. ज्यांना साहित्यात केवळ उद्बोधन हवे त्यांनी पवित्र शास्त्र उघडावे आणि शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचावा. इफ्ताह युद्धावर निघताना नवस करतो: विजयी होऊन परतलो तर घराच्या दारातून जो प्रथम सामोरा येईल त्याचे होमार्पण करीन. सामोरी येते ती त्याची एकुलती एक कन्या, डफ वाजवीत, नाचत. तिला नावसुद्धा दिलेले नाही. ती पित्याकडे फक्त दोन महिन्यांची सवड मागते, कशासाठी? आपल्या मैत्रिणींसह डोंगरांवर हिंडून आपल्या कौमार्यासाठी शोक करावा म्हणून. आणि पुढे इस्राएलच्या मुली वर्षातून चार दिवस तिची आठवण करून शोक करीत, असे शास्त्र नोंदविते. येथे उद्बोधन कोणते? आम्ही सेमिनरीत असताना हा उतारा झटपट उरकला गेला. पण शास्त्रकाराने तो गाळला नाही. एका तरुण मुलीचे जे गेले ते परत येणार नव्हते. तिच्या मैत्रिणी तिच्याबरोबर रडल्या, आणि ते रडणे देवाच्या वचनात जपले गेले. रूथचे चार अध्यायही याच जातीचे आहेत. त्या तरुण विधवेने सासूचा हात सोडला नाही, शेतात सर्वा वेचला आणि पुढे नव्याने संसार मांडला. पवित्र शास्त्राला तरुण स्त्रीचे प्रेम, मैत्री आणि वियोग यांचे वावडे नाही. वावडे आपल्याला आहे.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाला तर असे म्हणण्याचा अधिकारच नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती १८५७ सालची 'यमुनापर्यटन' कोणी लिहिली? बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थांनी. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण आपल्या प्रभूचे होते. तिचा विषय काय? एक तरुण स्त्री पतीबरोबर प्रवासास निघते, गावोगावच्या विधवांच्या व्यथा ऐकते, आणि शेवटी तिच्यावरही वैधव्य कोसळते. एका स्त्रीच्या प्रवासात ओवलेल्या अनेक स्त्रियांच्या दुःखकथा, असेच त्या पुस्तकाचे रूप आहे. अर्थात पदमनजींच्या समोर धर्मप्रसाराचा हेतू होता. परंतु स्त्रीचे अश्रू ऐकावयास बसणे हे ख्रिस्ती लेखणीचे काम आहे, असे त्यांना वाटले. पुढे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट मांडली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला होता. म्हणजे पुस्तकावर तुटून पडणारे काही फक्त आयर्लंडमध्येच नव्हते, आणि फक्त कॅथलिकही नव्हते. मुलीने आपले मन स्वतःच्या शब्दांत सांगितले की सर्वच धर्मांच्या ओसऱ्यांवर खाकरणे सुरू होते.

ख्रिस्तसभा याविषयी काय म्हणते, असे आमच्या काकांनी विचारले होते. तेही सांगू. निषिद्ध पुस्तकांची जी यादी पोप पौल चौथे यांच्या काळी, १५५९ साली, निघाली होती, तिचे बंधन पोप पौल सहावे यांच्या काळी, १९६६ साली, संपुष्टात आले. त्याआधीच्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात साहित्य व कला यांचे महत्त्व मान्य केले; माणसाचा स्वभाव, त्याची दुःखे व त्याची धडपड ती उलगडून दाखवितात, असा त्या कलमाचा आशय आहे. आयर्लंडच्या सरकारनेही १९६७ साली कायदा बदलून पुस्तकबंदीला बारा वर्षांची मर्यादा घातली. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ ही तारीख घालून साहित्यवाचनावर एक स्वतंत्र पत्र लिहिले. आरंभी ते केवळ भावी धर्मगुरूंसाठी योजले होते. नंतर त्यांनी ते सर्व श्रद्धावंतांना उद्देशून केले. तरुणपणी सांता फे येथील शाळेत आपण साहित्य शिकवीत होतो आणि विद्यार्थ्यांना नेमलेले जुने काव्य नको होते, त्यांना आपल्या काळाचा कवी हवा होता, ही आठवण त्यांनी त्यात सांगितली आहे. कादंबरी वाचताना आपण दुसऱ्याचा आवाज ऐकावयास शिकतो, आणि जो ऐकू शकत नाही तो मेंढपाळ कसला, असा त्या पत्राचा रोख आम्हांस जाणवला. तेव्हा ज्यांना जाळपोळीसाठी ख्रिस्तसभेचा आधार हवा आहे, त्यांना तो साठ वर्षांपूर्वीच्या राखेत शोधावा लागेल.

येथवर आम्ही इतरांना बोल लावले. आता आमचे स्वतःचे पाप सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

अनेक वर्षांपूर्वी, आम्ही एका दुसऱ्या धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू असताना, गायनवृंदातील एक मुलगी दोनशे पानी वही घेऊन आमच्याकडे आली. तिने काही कथा लिहिल्या होत्या. "फादर, वाचाल का? वार्षिक अंकात एखादी घेता येईल का?" असे तिने विचारले. आम्ही वही ठेवून घेतली आणि वाचली. सात-आठ कथा होत्या. सर्वांत तीच एक मुलगी, तीच तिची मैत्रीण, तोच पाणवठा, तीच केळीची वाडी. एक मुलगा होता, त्याचे लग्न दुसरीकडे ठरले होते. शेवटच्या कथेत मैत्रीण परदेशी नोकरीला जाते आणि ती मुलगी एकटीच जत्रेला जाते. भाषा कच्ची होती, पण खोटी नव्हती. हे आम्हांस तेव्हाही कळले होते.

वही परत देताना आम्ही काय म्हणालो? "छान आहे. पण असे काहीतरी लिही की ज्यातून लोकांना बोध होईल. मदर तेरेसांवर लिहीत का नाहीस?" तिने मान हलविली, वही छातीशी धरली आणि ती निघून गेली. अंकात आम्ही मदर तेरेसांवर दुसऱ्याच कोणाचा तरी निबंध छापला. त्या मुलीने पुन्हा कधी काही लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुढे कळले की त्या कथांतले पुष्कळसे तिचे स्वतःचे होते, आणि त्या दिवसांत तिला बोलण्यासाठी कोणीही नव्हते. ती आमच्याकडे साहित्य घेऊन आली नव्हती. ती ऐकणारा कान शोधत आली होती, आणि आम्ही तिला विषय सुचविला.

टुआमग्रेनीच्या धर्मगुरूंनी पेटविलेली आग लोकांना दिसली तरी. आमची कोणाला दिसली नाही. म्हणूनच, वाचनालयातील पुस्तकाविषयी निर्णय देण्याची वेळ आली तेव्हा त्या मुलीची वही आमच्या डोळ्यांसमोर आली, आणि कपाट बंद करण्यास हात धजला नाही.

आता थोडे विवेकाचेही बोलू, म्हणजे आम्ही वाऱ्यावर सोडून देण्याचा सल्ला देत आहोत असे कोणास वाटू नये. हे पुस्तक आठवीतल्या मुलीच्या हाती द्यावे असे आमचे म्हणणे नाही. तिसरा भाग तर कडवट आहे. त्यात केट स्वतःच्या देहाविषयी एक निर्णय घेते, जो आमच्या श्रद्धेला मान्य नाही, आणि लेखिका त्यावर कोणताही न्यायनिवाडा करीत नाही. धर्मभगिनींचे चित्रणही काही ठिकाणी एकांगी वाटते. ज्या वसतिगृहांनी आपल्या आयांना व बहिणींना अक्षरओळख दिली त्यांची दुसरी बाजू आपल्याला ठाऊक आहे. या साऱ्यावर वाद घालता येईल, आणि घालावाच. पण वाद घालायचा तर आधी पुस्तक वाचलेले असावे लागते. आमच्या चार काकांपैकी एकानेही ते वाचलेले नव्हते.

म्हणून आम्ही असे ठरविले आहे. पुस्तक वाचनालयात राहील. महाविद्यालयीन वयाच्या खालच्या मुलींना ते पालकांच्या संमतीवाचून दिले जाणार नाही. आणि आगमनकाळाआधीच्या एका शनिवारी संध्याकाळी, सभागृहात आया आणि लेकी एकत्र बसून त्याचा पहिला भाग वाचतील. ज्यांना इंग्रजी अवघड जाते त्यांच्यासाठी आम्ही कथा मराठीतून सांगू. बापांनाही मज्जाव नाही. उलट पहाटे दचकून जागी होणारी ती मुलगी त्यांनी विशेषेकरून भेटावी. चौघा काकांना आम्ही पहिल्या रांगेचे आमंत्रण दिले आहे. दोघांनी येतो म्हटले आहे. एकाने अद्याप उत्तर दिलेले नाही. चौथे, म्हणजे ज्यांच्या नातीने पुस्तक नेले होते ते, परवा मिस्सानंतर थांबले आणि हळूच म्हणाले, "फादर, नातीला विचारले मी, त्या पुस्तकात काय आहे म्हणून. ती अर्धा तास बोलत होती. एवढी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती." आमच्या लेखापेक्षा ते वाक्य मोठे आहे.

शेवटी टुआमग्रेनीकडे परत जाऊ. एडना ओब्रायन २७ जुलै २०२४ रोजी लंडनमध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी निवर्तल्या. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही त्यांची लेखणी थांबली नव्हती. २०१९ साली त्यांनी नायजेरियात पळवून नेलेल्या शाळकरी मुलींवर कादंबरी लिहिली, आणि त्याच वर्षी डब्लिन शहराने सर्व नागरिकांनी मिळून वाचावयाचे पुस्तक म्हणून 'द कंट्री गर्ल्स' त्रयीची निवड केली. एके काळी बंदी घातलेले तेच पुस्तक! मृत्यूनंतर त्यांना त्यांच्या गावी आणण्यात आले. १० ऑगस्ट २०२४ रोजी टुआमग्रेनीच्या संत जोसेफ चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्साबली अर्पण झाला; देशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स त्यास उपस्थित होते. त्यानंतर जवळच्या सरोवरातील पवित्र बेटावर त्यांना मूठमाती देण्यात आली. पोप फ्रान्सिस यांचे साहित्यावरील पत्र प्रसिद्ध होऊन तेव्हा सहा दिवस झाले होते.

ज्या धर्मग्रामाने तिचे शब्द जाळले त्याच धर्मग्रामाने तिच्या देहावर पवित्र पाणी शिंपडले. हे चांगले झाले. पण चौसष्ट वर्षे लागली, आणि उशीच्या खोळीत पुस्तक लपविणारी ती आई हे पाहण्यास उरली नव्हती.

प्रिय माताभगिनींनो, तुमच्या घरातील एखाद्या उशीत, एखाद्या दप्तराच्या तळाशी, एखाद्या वहीत तुमच्या लेकीने काही लिहून ठेवले असेल, तर शाई घेऊन बसू नका. तिच्यापाशी बसा. आणि जिच्या वहीला आम्ही एकदा विषय सुचविला होता ती भगिनी हे वाचत असेल, तर तिला आमचे एवढेच सांगणे आहे: आम्ही चुकलो. वही अजून असेल तर आणून दे. या वेळी आम्ही फक्त ऐकू.